आठ आण्यांचा हिशेब

१९३६ सालची गोष्ट. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर आधी मागवून वाचला आणि तो पचला नाही म्हणून निमंत्रण मागे घेतले. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी मे महिन्यात पदरचे पैसे घालून छापले. प्रती १५००. किंमत आठ आणे. हेच ते 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

जुलैमध्ये गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिले. कोणत्याही सुधारकाला हे भाषण डावलता येणार नाही, असे त्यांनी मान्य केले. त्याच लेखात त्यांनी एक सल्लाही दिला : किंमत आठ आण्यांवरून दोन आण्यांवर आणावी, निदान चार आणे तरी करावी.

गांधी-आंबेडकर वादातले मोठे मुद्दे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. वर्ण, शास्त्रे, संतांचे दाखले, सगळे. हे आठ आणे मात्र आपण वाचतो आणि पुढे जातो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच पुढे गेलो. गेल्या जयंतीनंतर मात्र ते आठ आणे डोक्यातून जाईनात.

झाले ते असे. वस्तीतल्या जयंती मंडळाची बैठक होती. डीजे ठरला, लाइटवाला ठरला, स्टेज ठरले, बॅनर ठरले. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम त्याच रात्री हातात दिली. मग कार्यक्रमाचा विषय निघाला. वस्तीतलीच एक मुलगी स्वतः गाणी लिहिते, चाल लावते, गाते. मोबाईलवर तिची गाणी आपली पोरे एकमेकांना पाठवतात. तिचे नाव निघाले तसे दोघे-तिघे म्हणाले, "आपलीच आहे, येईल की." मानधनाचे कुणीतरी विचारले. उत्तर आले, "समाजाच्या कामाचे पैसे कसले?" ठरले ते शाल, गुलाबाचे फूल आणि बाबासाहेबांची तसबीर. डीजेवाल्याला समाजाच्या कामाची आठवण कुणी करून दिली नाही. आम्ही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही गप्प बसलो.

कार्यक्रमानंतर आठवडाभराने तिने विचारले, "दादा, मी पुढची गाणी इंटरनेटवर फुकटच टाकू का पैसे मागू? रेकॉर्डिंगचे पैसे पगारातून गेले. घरात बोलणी बसतात. पण पैसे मागितले की लोक म्हणतात, ही चळवळ विकायला लागली."

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे. उत्तर शोधायला आम्ही आपल्याच इतिहासात गेलो, कारण हा प्रश्न इंटरनेटने आणलेला नाही. इंटरनेटने त्याला फक्त नवे कपडे घातले आहेत.

आपल्यासाठी 'फुकट' या शब्दाचा अर्थ

'कला विकायची नसते, ज्ञान विकायचे नसते' हे वाक्य ऐकायला छान वाटते. पण कोण म्हणतो आणि कुणाला म्हणतो, हे आधी विचारले पाहिजे. ज्यांनी शतकानुशतके ज्ञानाला कुलूप लावून ठेवले, त्यांच्या तोंडून हे वाक्य शोभत नाही. आणि ज्यांच्याकडून शतकानुशतके काम फुकट करून घेतले, त्यांना हे वाक्य ऐकवायचे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे.

गावगाड्यात हलगी कुणी वाजवली? लग्नाच्या वरातीपुढे, देवाच्या पालखीपुढे, मेलेल्या ढोरापासून ते मेलेल्या पाटलापर्यंत प्रत्येक वर्दीला कोण धावले? वाजवणाऱ्याला कुणी कलावंत म्हटले नाही. ते त्याचे जातीचे काम होते. मोबदला म्हणून सुगीला बलुते, सणाला शिळेपाके आणि कुणी खूश झाला तर अंगावर टाकलेली चिल्लर. वाजवायला नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि ज्या कामाला नाही म्हणता येत नाही त्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. कलेची वेठ झाली तरी ती वेठच.

महार वतनाचेही तेच होते. वतनदार महाराने सरकारी कामाला दिवसरात्र हजर राहायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात इनामाचा जमिनीचा तुकडा, जो पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन चिंधी झालेला, आणि रयतेच्या मर्जीवर मिळणारे बलुते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यातली मागणी सोप्या भाषेत अशी : काम ठरवून द्या, आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला द्या. बलुते दारोदार मागायला लावू नका, ते पैशात रूपांतरित करून सरकारने वसूल करावे आणि पगार म्हणून द्यावे. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले. पण त्यामागचा विचार आपण विसरता कामा नये. भाकरीचा तुकडा आणि पगार यांत फरक आहे. तुकडा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, पगार हक्काचा असतो.

म्हणून आमचे पहिले म्हणणे हे की आपल्या माणसाला 'फुकट कर' म्हणताना जीभ जरा अडखळली पाहिजे. त्या शब्दाला आपल्याकडे इतिहास आहे.

लिहिण्याचे पैसे कुणाला मिळत होते?

दुसरी बाजूही बघू. लिहिणाऱ्याला पैसे देण्याची रीत या देशात नव्हतीच असे नाही. पुण्यात पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्याच दक्षिणेच्या पैशातून पुस्तकांना बक्षिसे देणारी कमिटी उभी राहिली. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून त्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. भोळ्या कुणब्याला भट कसा नागवतो आणि शिक्षणाने तो कसा सावध होतो, हा त्या नाटकाचा विषय. कमिटीने ते नाकारले. पैसा होता, बक्षीस होते, कमिटी होती. पण शूद्राने लिहिलेल्या सत्याला त्यात जागा नव्हती.

म्हणजे एका बाजूला आपली कला वेठीत गेली आणि दुसऱ्या बाजूला आपल्या लेखणीला राजाश्रयाच्या दारातूनच परत पाठवले गेले. मग आपल्या लोकांनी काय केले? स्वतःचे छापखाने काढले आणि स्वतःची पत्रे काढली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. का बंद पडत? विचार संपला म्हणून नव्हे. कागदाचे, शाईचे, टपालाचे पैसे संपले म्हणून.

'मूकनायक' ते 'बहिष्कृत भारत'

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत दिली. आपल्या पत्राची जाहिरात 'केसरी'त यावी म्हणून पैसे भरायची तयारी दाखवली, तरी 'केसरी'ने ती छापली नाही. यातून एक गोष्ट लक्षात घ्या. प्रस्थापितांच्या बाजारात आपला पैसासुद्धा चालत नव्हता. त्यामुळे 'बाजारात उतरा, चांगला माल खपतोच' हे जे आज आपल्या पोरांना सांगितले जाते, तेही अर्धे खोटे आहे. बाजाराच्या दारातही जात बसलेली असते. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत 'मूकनायक' बंद पडला.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून पंधरवडाही झाला नव्हता. या पत्राला पगारी संपादक ठेवण्याची ऐपत नव्हती. बाबासाहेब स्वतः रकानेच्या रकाने लिहीत. आपल्याकडे हे अभिमानाने सांगितले जाते आणि त्यातून एक निष्कर्ष काढला जातो : 'बाबासाहेबांनी फुकट लिहिले, तुम्ही पैसे मागणारे कोण?'

हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी बाबासाहेबांचा एक लेख वाचलेला नसतो. फेब्रुवारी १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्येच आलेला तो लेख, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' शीर्षकातच सगळे आले आहे. त्यात बाबासाहेब वाचकाला हिशेब देतात. वर्षभर आपण चोवीस-चोवीस रकाने लिहून काढले, त्याबद्दल काही मोबदला घेतला नाही, प्रकृतीची आणि सुखाची पर्वा केली नाही, हे ते स्पष्ट सांगतात. आणि सांगून थांबत नाहीत. समाजाचे या पत्राशी काही देणे लागते की नाही, असा सरळ सवाल वाचकालाच करतात.

इथे दोन गोष्टी एकत्र आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. बाबासाहेबांनी स्वतःच्या श्रमाचे पैसे सोडले, हे दान. पण वाचकाला त्यांनी पत्राचे देणे सोडले नाही. ते ऋण आहे, ते फेडायचे असते, असे त्यांनी बजावले. आणि ऋण कसले, तर 'लौकिक'. देवाधर्माचे नव्हे, परलोकीच्या पुण्याचे नव्हे. या जगातले, कागद-शाईचे, माणसाच्या घामाचे.

तारखा पुन्हा बघा. फेब्रुवारी १९२८ मध्ये हा लेख, मार्च १९२८ मध्ये वतनाचे विधेयक. एकीकडे सरकारला आणि रयतेला सांगायचे की महाराच्या कामाचे रोख पैसे द्या. दुसरीकडे आपल्याच समाजाला सांगायचे की तुमच्या पत्राचे देणे तुम्ही द्या. आम्हाला या दोन गोष्टी एकाच विचाराच्या वाटतात. श्रमाला मोल आहे. ते बाहेरच्यानेही द्यायचे आणि घरच्यानेही द्यायचे.

समाजाने ते देणे पुरेसे दिले का? नोव्हेंबर १९२९ मध्ये 'बहिष्कृत भारत' बंद पडला. उत्तर त्यातच आहे.

आणखी एक. बाबासाहेबांना फुकट लिहिणे शक्य कशामुळे झाले? त्या काळात ते वकिली करत होते आणि शिकवत होते. म्हणजे पोटाची भाकरी दुसरीकडून येत होती, तीही ओढाताणीने. रमाईंनी ती ओढाताण कशी सोसली हे आपण सगळे जाणतो. 'फुकट'ची किंमत कुणी ना कुणी भरतच असतो. बहुतेक वेळा घरातली बाई भरते.

पैसा कुठून आला हेही महत्त्वाचे

मग सगळेच विकायचे का? तसे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी आणखी एक प्रसंग आठवावा लागेल. तमाशातले पठ्ठे बापूराव यांनी फडाची कमाई महाडच्या लढ्याला देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असे अनेकांनी नोंदवून ठेवले आहे. कारण असे सांगितले जाते की ती कमाई महार स्त्रियांना बोर्डावर नाचवून झालेली होती. बापूराव जन्माने ब्राह्मण, नाव त्यांचे झाले. पवळा महाराची, नाच तिचा, गळा तिचा. शर्मिला रेगे आणि शैलजा पैक या अभ्यासकांनी तमाशा आणि जातीच्या नात्यावर पुष्कळ लिहिले आहे, ते आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावे. कलेला पैसे मिळाले म्हणून कलावंत मुक्त होतो असे नाही, हे त्यातून समजते. पैसा मिळूनही जातीचे जोखड तसेच राहू शकते. मुळात सवाल असे आहेत : नाही म्हणायचा हक्क कुणाला आहे, भाव कोण ठरवतो आणि पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो?

याच सवालांना उत्तर म्हणून आंबेडकरी जलसे उभे राहिले. सत्यशोधक जलशांची परंपरा होतीच. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशातला गण-गवळणीचा साचा बदलला, बाईला नाचवणे बंद केले आणि वगात शिक्षण, वतन, दारूबंदी, सत्याग्रह आणला. दिवसा मजुरी आणि रात्री जलसा. हे लोक फुकट राबले का? होय, कितीतरी राबले. पण ती वेठ नव्हती. त्यांना 'नको' म्हणता येत होते आणि तरी ते 'हो' म्हणाले. गावही त्यांना गाडीखर्च, जेवण, जमेल ती वर्गणी देत होते. दोन्ही बाजूंनी काही दिले जात होते.

बौद्ध म्हणून आपण दान हा शब्द रोज ऐकतो. दान म्हणजे आपल्या इच्छेने, समजून उमजून दिलेले. दुसऱ्याच्या खिशातून काढून घेतलेल्या गोष्टीला दान म्हणत नाहीत, आणि दुसऱ्याने दान करावे असा ठराव आपण आपल्या बैठकीत करू शकत नाही. आमच्या जयंतीच्या बैठकीत नेमके हेच झाले. त्या मुलीच्या वतीने आम्ही दान करून मोकळे झालो.

कॅसेट, पीडीएफ आणि मोबाईल

वामनदादा कर्डक निरक्षर म्हणून मुंबईत आले, मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली. त्यांची गाणी माहीत नाहीत असे बौद्ध घर नसेल. पण गाणे गाणाऱ्या दहा जणांना विचारा की हे कुणाचे, कितीजण नाव सांगतील? अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्या कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. १९६९ मध्ये ते गेले तेव्हा घरात दारिद्र्यच होते. नाव मोठे झाले, पुस्तके खपली, पण लिहिणाऱ्याच्या घरात ते पोहोचले नाही.

कॅसेटचा जमाना आला तेव्हा भीमगीतांचा मोठा बाजार उभा राहिला. दरवर्षी एप्रिल आणि डिसेंबरला नव्या कॅसेट निघत. आम्ही कार्यकर्ते म्हणून जुन्या शाहिरांच्या घरी गेलो आहोत. अनेकांची गोष्ट एकसारखी आहे. एकरकमी काही रुपये, कोऱ्यासारख्या कागदावर सही, आणि पुढे गाणे कायमचे दुसऱ्याचे. आज तीच गाणी मोबाईलवर वाजतात. गाण्याआधी जाहिरात येते. जाहिरातीचा पैसा गाणे 'फुकट' ऐकवणाऱ्या कंपनीला आणि हक्क धरून बसलेल्याला मिळतो. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते फुकट आहे, लिहिणाऱ्याला खरेच फुकट जाते, आणि मधला कमावतो. गावगाड्यातल्या व्यवस्थेपेक्षा हे फार वेगळे आहे का?

पुस्तकांचे वेगळे चित्र आहे आणि तिथे नीट फरक करायला हवा. बाबासाहेबांचे साहित्य फुकट वाटणे योग्यच आहे. भारताच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली पुस्तके १ जानेवारी २०१७ पासून सर्वांची झाली. १४ एप्रिल १९७९ ला महाराष्ट्र सरकारने वसंत मून यांच्या संपादनाखाली इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. हे खंड स्वस्तात मिळावेत म्हणून दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोक रांगा लावतात. तरी छपाई रखडते. २०२१ मध्ये तर छपाईसाठी घेतलेला कागद पडून असल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्या काळात खंड मिळत नव्हते, त्या काळात पीडीएफनेच पोरांपर्यंत बाबासाहेब पोहोचवले. त्या पीडीएफला आम्ही सलाम करतो.

पण त्याच ग्रुपवर परवा एका हयात कवीचा संग्रह पीडीएफ करून आला. कवीने कर्ज काढून छापलेला. प्रती अजून घरात पडून. खाली चाळीस 'जय भीम' आणि अंगठे. त्या चाळीसांपैकी दहाजणांनी जरी पुस्तक विकत घेतले असते तरी त्या माणसाला पुढचे पुस्तक काढायचे धाडस झाले असते. पहिली गोष्ट ज्ञानाचा प्रसार आहे. दुसरी गोष्ट आपल्याच माणसाच्या घरातले पीठ सांडणे आहे.

'आपली माणसे गरीब आहेत' याचे उत्तर

या सगळ्यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपला समाज गरीब आहे. किंमत लावली की जे सर्वात गरजू आहेत तेच बाहेर राहतील. गांधींचा दोन आण्यांचा सल्ला याच भूमिकेतून आलेला असू शकतो, हे आम्ही मान्य करतो.

पण त्या दोघांची स्थिती शेजारी ठेवून बघा. गांधींच्या मागे उद्योगपती उभे होते. हरिजन सेवक संघाचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला होते. गांधींच्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे होते आणि २००९ उजाडेपर्यंत ते राहिले. ज्याच्या मागे एवढी व्यवस्था आहे त्याला दोन आण्यांत पुस्तक देणे परवडते. बाबासाहेबांच्या मागे बिर्ला नव्हते. त्यांच्या मागे गिरणीकामगार, गोदीकामगार, रेल्वेतले मजूर आणि म्युनिसिपालिटीचे सफाई कामगार होते. आठ आण्यांतून पुढच्या आवृत्तीचा कागद येणार होता.

आणि झाले काय? ती १५०० प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली, असे बाबासाहेबांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळमची चालू होती. आठ आण्यांनी पुस्तक अडवले नाही. आठ आणे देऊन घेणारा माणूस ते वाचतो, दुसऱ्याला वाचायला देतो, जपून ठेवतो. एका प्रतीवर दहा माणसे वाचतात. आपल्या बापजाद्यांनी असेच वाचले. चाळीत एकाने 'जनता' मोठ्याने वाचायचा आणि वीसजणांनी ऐकायचा. त्यात अंकाचे पैसेही दिले जायचे आणि गरीब माणूस वंचितही राहायचा नाही.

यालाच आपल्याकडे वर्गणी म्हणतात. 'फुकट' आणि 'बाजार' या दोन टोकांच्या मध्ये आपल्या चळवळीने शोधलेली ही तिसरी वाट आहे. ज्याला जमते तो जास्त देतो, ज्याला जमत नाही तो कमी देतो, काहीच नसेल तो सतरंज्या अंथरतो. पण काम करणारा उपाशी राहत नाही आणि ऐकणारा बाहेर राहत नाही. आज ही वर्गणी गोळा करायला घरोघर फिरावेही लागत नाही. मोबाईलवरून दहा रुपये क्षणात जातात. चहाला जातात तसे गाण्याला का जाऊ नयेत?

मग करायचे काय?

त्या मुलीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना आमचे सांगणे असे.

चळवळीच्या कामी येणारे, लोकांच्या तोंडी बसावे असे वाटणारे गाणे खुशाल फुकट टाक. पण ते तुझ्या नावाने टाक आणि तुझ्या इच्छेने टाक. ते तुझे दान आहे. बाकीच्याला किंमत लाव, वर्गणी माग, आणि मागताना मान खाली घालू नको. बाबासाहेबांनी मागितली होती.

कुणी कंपनीवाला आला तर तोंडी बोलण्यावर गाणे देऊ नको. कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा रेकॉर्डिंगमध्ये घेतलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करार करूनही कंपनीला काढून घेता येत नाही. वामनदादांच्या पिढीला हे हत्यार मिळाले नाही. तुला मिळाले आहे. वापर.

मंडळांना आमचे सांगणे वेगळे आहे. जयंतीच्या हिशेबात डीजेच्या आधी शाहिराचे मानधन लिहा. आकडा त्याला किंवा तिला विचारून लिहा. ते नको म्हणाले तर तो त्यांचा मोठेपणा. आपण आधीच शून्य लिहायचे नाही. ग्रुपवर बाबासाहेबांचा खंड पाठवा, फुले पाठवा. हयात लेखकाचे पुस्तक असेल तर पीडीएफऐवजी ते कुठे विकत मिळते ते पाठवा. प्रत्येक विहारात एक प्रत विकत घेऊन ठेवली तर वस्तीतला गरिबातला गरीब पोरगा ते वाचू शकतो, आणि लिहिणाऱ्यालाही चार पैसे मिळतात.

यंदाच्या बैठकीत आम्ही गप्प बसणार नाही. मानधनाची ओळ हिशेबाच्या वहीत आमच्या हाताने लिहू, आणि आमच्या वर्गणीतले पहिले पैसे त्या ओळीत टाकू. मागच्या वर्षीचे देणेही बाकी आहे. ते ऋण लौकिक आहे, फेडता येण्यासारखे आहे.

जय भीम.